नातवंडांसोबत कान्हेरी: बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली सगळ्यांना झेपणारी चढण

मुलांना पहिला डोंगर कुठला दाखवायचा, असं मुंबईतल्या कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, आणि त्यातही कान्हेरीची बौद्ध लेणी. कर्नाळा, पेब, लोहगड या किल्ल्यांची वेळ पुढे येईलच. पण पहिलीतली मुलगी, चौथीतला मुलगा, त्यांची आई आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आजी अशा चौघांना एकाच वाटेवर, एकाच दिवशी आनंदाने चालता येईल आणि लोकलने जाऊन उशिराच्या जेवणाला घरी परतता येईल, अशी दुसरी जागा मला या शहरात माहीत नाही. ती आजी म्हणजे मी. दहिसरला राहते, आणि नोकरीची सगळी वर्षं मराठी शाळेत भूगोल शिकवण्यात गेली.

उद्यानाचं क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे, मुंबई आणि ठाणे दोन्हीकडे पसरलेलं. एवढं मोठं जंगल शहराच्या मधोमध असूनही बहुतेक कुटुंबं फाटकाजवळच्या दीडेक किलोमीटरमध्येच फिरून परततात. तळं, नौका, सफारीची बस, भेळ. त्यात वाईट काही नाही. पण लहान मुलांना चालायची हौस असते, ती त्यात भागत नाही. ती भागते वर, कान्हेरीच्या कातळावर.

बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की उद्यानाचं फाटक द्रुतगती महामार्गावर आहे. पंधरा-वीस मिनिटं चालत, नाहीतर रिक्षा. सोमवारी उद्यान आणि लेणी दोन्ही बंद असतात. शाळेची सुटी सोमवारी आली म्हणून निघालेली कुटुंबं फाटकावरून परत फिरताना दिसतात, म्हणून हे आधीच सांगते. फाटकावर प्रवेशाचं तिकीट, आणि वर लेण्यांपाशी पुरातत्त्व खात्याचं वेगळं तिकीट. पंधरा वर्षांखालच्या मुलांना हे दुसरं लागत नाही. सुटे पैसे आणि मोठ्यांपैकी एकाचं ओळखपत्र जवळ असू द्या.

फाटकापासून कान्हेरी सहा-सात किलोमीटरवर. डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंनी झाडी. लहान मुलं बरोबर असतील तर जाताना बसनेच जा, हे माझं स्पष्ट मत. पायांतली ताकद वरच्या कातळासाठी राखून ठेवायची. रस्ता सुंदर आहे, पण शेवटचा टप्पा चांगलाच चढाचा आहे आणि पहिलीतलं पोर तिथेच थकून बसलं की लेणी कोण बघणार? मुलं दहाच्या पुढची असतील तर येताना चालत उतरा. उतार आहे, सावली आहे, आणि रस्त्याकडेला चितळ दिसण्याची शक्यता बरीच. सायकली भाड्याने मिळतात, पण पोराला चालवता येते आणि चढ झेपतो याची खात्री असेल तरच घ्या.

आता मुख्य गोष्ट. बसमधून उतरून पायऱ्या चढल्या की पहिल्या तीन लेण्यांमध्येच कान्हेरीचं सगळ्यात प्रसिद्ध लेणं येतं, तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन. लोक तिथे फोटो काढतात, आतल्या स्तूपाला प्रदक्षिणा घालतात, आणि परत बसच्या रांगेत. इथे लेणी शंभराहून जास्त आहेत! खरी वाट तर चैत्याच्या पुढे सुरू होते. कातळात खोदलेल्या पायऱ्या, मधून वाहणारा ओढा, दोन्ही काठांवर एकावर एक चढत गेलेली लेणी, आणि सगळ्यात वर उघडा माथा. हे सगळं सोडून परत फिरणाऱ्या आईबापांना थांबवून सांगावंसं वाटतं, आणि पुष्कळदा मी सांगतेही.

चैत्यात वेळ घालवू नका असं मात्र म्हणत नाही. ओसरीच्या दोन टोकांना उभे असलेले दोन बुद्ध सुमारे सात मीटर उंच आहेत. नात त्यांच्यासमोर मान वर करून उभी राहिली आणि तिने विचारलं, "आजी, यांना वरून आपण दिसतो का गं?" मी म्हटलं, दिसत असणार. नातवाला मी खांब मोजायला लावले. चौतीस आहेत. मोजता मोजता त्याच्याच लक्षात आलं की काही खांबांच्या माथ्यावर हत्ती आणि माणसं कोरलेली आहेत आणि बाकीचे साधे अष्टकोनी आहेत. म्हणजे काम अर्धवट राहिलं का? पैसे संपले का? कारागीर दुसरीकडे गेले का? त्याचे प्रश्न मी तसेच राहू दिले. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, व्यापारी भावांनी हे लेणं करवून घेतलं असं तिथला शिलालेख सांगतो. इथल्या लेखांत दान देणारे कल्याणचे आहेत, नाशिकचे आहेत, सोपाऱ्याचे आहेत. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा, हे कळल्यावर नातू ज्या तोंडाने माझ्याकडे बघत राहिला ते मला विसरता येणार नाही. त्याच्या लेखी ते लोकलच्या पाटीवरचं नाव होतं.

चैत्यातून बाहेर पडलं की मी मुलांना एकच काम देते. पाणी शोधायचं.

ही माझी भूगोलाच्या बाईची खोड असेल, पण कान्हेरी मुलांना चालवायची असेल तर याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या अंगणात, दाराच्या एका बाजूला, कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. तोंड लहान, आत खोल. वरच्या कातळावर नीट पाहिलं तर बोटभर रुंदीच्या पन्हळी दिसतात, पावसाचं पाणी टाक्याकडे वळवणाऱ्या. पहिली पन्हळ मी दाखवते. दुसरी मुलं स्वतः शोधतात. तिसऱ्यापासून "आजी, इथे ये!" सुरू होतं आणि मग चढण कधी संपली ते कुणालाच कळत नाही. "अजून किती चालायचं?" हा प्रश्न त्या वाटेवर मी ऐकलेला नाही.

मुलांना हे इतकं का आवडतं याचा मी विचार केला आहे. मूर्तीसमोर उभं राहून मोठ्यांनी सांगितलेलं ऐकायचं असतं. पन्हळ मात्र बोटाने गिरवता येते, ती कुठून सुरू झाली ते वर चढून बघता येतं, पाणी कुठे पडत असेल ते वाकून बघता येतं. शेकडो भिक्खू इथे पावसाळ्यात राहत असत आणि पुढे बारमाही राहू लागले, तर ते प्यायचे काय? हा प्रश्न पहिलीतल्या मुलीला पूर्ण समजतो. मग ती दगडी ओटे बघते, "हे झोपायचे" असं स्वतःच ठरवते, बाहेरच्या बाकावर बसून बघते, आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची दिनचर्या तिच्या डोक्यात आपोआप उभी राहते. टाकी खोदून देणं हेही दान होतं. लेण्यांसोबत टाकी दिल्याचे लेख इथे कोरलेले आहेत. पाणी देणाऱ्याचं नाव दगडात राहिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सावधगिरी इथेच. टाक्यांना कठडे नाहीत. काही ठिकाणी तोंड अंगणाच्या जमिनीलगतच आहे आणि पाणी किती खोल ते वरून कळत नाही. लहान मुलाचा हात धरूनच वाकू द्या. आणि ते पाणी प्यायचं नाही, पाय तर त्यात मुळीच घालायचे नाहीत.

अकरावं लेणं चुकवू नका. त्याला दरबार म्हणतात. लांबच लांब दालन आणि त्यात जमिनीतून वर आल्यासारखे दोन बुटके दगडी बाक, टोकापासून टोकापर्यंत. भिक्खू इथे समोरासमोर बसत असावेत असं अभ्यासक मानतात. माझ्या नातीने त्याला "शाळेचं जेवणाचं सभागृह" असं नाव दिलं आणि मला ते पटलं. उन्हातून आत आल्यावर इथली सावली फार बरी वाटते. मी पाच-दहा मिनिटं टेकते ती इथेच.

तिथून वर पायऱ्या. गुडघ्यांबद्दल विचारणाऱ्यांसाठी नेमकं सांगते: या खोदीव पायऱ्या आखूड आहेत, काही झिजून मधे खोलगट झाल्या आहेत, आणि कठडा सगळीकडे नाही. चढताना मला काहीच त्रास झाला नाही. उतरताना काठी लागते. मी तिरकी उतरते, एक पाय खाली, मग दुसरा त्याच पायरीवर, आणि सून माझ्या खालच्या बाजूला चालते. माझ्या वयाच्या, रोज अर्धा तास चालणाऱ्या बाईला हे जमण्यासारखं आहे. ज्यांना घराचा जिना बसून बसून चढावा लागतो त्यांनी चैत्य आणि दरबार बघावा आणि खाली सावलीत थांबावं. बाबागाडी इथे चालणारच नाही. तान्हं मूल असेल तर झोळीत, अंगाशी बांधून.

माथ्यावर पोचलं की झाडी संपते आणि नुसता काळा कातळ आणि गवत. ज्वालामुखीतून आलेला हा दगड इतका खडबडीत आहे की कोरड्या दिवसात रबरी तळव्याचे साधे बूटही घट्ट पकडतात. पश्चिमेला बोरिवलीच्या इमारती, त्यांच्या पलीकडे हवा स्वच्छ असेल तर खाडीची चमकती रेघ. इतर सगळ्या बाजूंना जंगल. मुलांना मी इथे उभं करून नकाशा शिकवते. आत जंगलात विहार आणि तुळशी असे दोन तलाव आहेत. विहारचं काम १८६० साली पुरं झालं आणि मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा तिथून मिळालं. तुळशीचं १८७९ साली. आजही दोन्ही तलाव शहराला पाणी देतात. तुळशीच्या बाजूने दहिसर नदी निघते आणि आपण ज्या फाटकातून आलो त्याच्या जवळून वाहत जाते. आमच्या घराजवळून जाते तीच ही नदी. खाली वस्तीत तिची काय दशा आहे ते दहिसरकरांना सांगायला नको. पण ती इथून निघते, झाडांच्या मुळांतून, स्वच्छ, हे माझ्या नातवंडांनी डोळ्यांनी पाहिलेलं असावं असं मला मनापासून वाटतं. जी नदी मुलांनी कधी नितळ पाहिलीच नाही, तिच्यासाठी ती मोठेपणी का भांडतील?

वरच्या लेण्यांमध्ये नव्वदावं जमलं तर बघा. भिंतींवर बुद्धाची शिल्पं आहेत, आणि त्याहून वेगळं म्हणजे पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये इथे येऊन गेलेल्या पारशी पाहुण्यांनी आपली नावं कोरून ठेवली आहेत. मुलांना हे सांगताना एक गोष्ट मी लगेच जोडते: तेव्हा त्यांनी कोरलं, आता आपण कोरायचं नाही. कारण शेजारच्याच भिंतीवर कुणीतरी बदाम काढून नाव लिहिलेलं असतं, आणि ते बघून मला खरोखर राग येतो.

आता ऋतू. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारी हाच काळ निवडावा. सकाळी गारवा असतो, कातळ कोरडा असतो, अकरा वाजेपर्यंत माथा सोसतो. फेब्रुवारीच्या अखेरीस पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात. पानं गळलेली असल्याने पक्षी सहज दिसतात. हळद्या आणि तांबट तर मुलांनाही ओळखता येतात. एप्रिल-मेमध्ये माथा तव्यासारखा तापतो, तेव्हा मुलांना नेऊ नये. ऑक्टोबरही फसवा, पाऊस गेला म्हणून लोक निघतात आणि उन्हाने हैराण होतात. पण झाडाझाडांमध्ये ताणलेली भल्यामोठ्या कोळ्यांची जाळी बघायची तर पावसाळ्यानंतरचे हेच महिने, त्यामुळे ज्यांना किड्यांचं वेड आहे अशी मुलं असतील तर अगदी सकाळी जाऊन लवकर परता.

पावसाळ्यात कान्हेरी सगळ्यात देखणी असते यात शंका नाही. पन्हळी वाहायला लागतात, टाकी भरतात, आणि मी वर जे सगळं सांगितलं ते मुलांना प्रत्यक्ष घडताना दिसतं. पण कातळावर शेवाळ धरतं आणि ओढ्याला अचानक जोर येतो. त्या दिवसांत मी नातवंडांना चैत्य, दरबार आणि आसपासची खालची लेणी एवढंच दाखवते. माथ्यावर नेत नाही, ओढ्यात उतरू देत नाही. पावसातल्या रविवारी गर्दीही फार होते, म्हणून जायचं तर मधल्या वारी. महाशिवरात्रीलाही इथे मोठी गर्दी लोटते. त्या दिवशी लहान मुलांना घेऊन न गेलेलं बरं.

उतारांवर जी दाट झुडपं दिसतात ती कारवी. आठ वर्षांतून एकदा फुलते. २०१६ मध्ये फुलली होती, मग २०२४ मध्ये. जांभळ्या रंगाने उतारच्या उतार भरून जातात. पुढची खेप २०३२ ची. माझा नातू तेव्हा कॉलेजात असेल. कारवीच्या काठ्या कुडाच्या भिंतींसाठी वापरतात हे जंगलातल्या पाड्यांवरच्या बायांकडून कळतं. वारली आणि इतर आदिवासी कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. वाटेवर त्या बाया काकडी, पेरू, बोरं, मोसमात करवंदं विकायला बसतात. त्यांच्याकडून जरूर घ्या, घासाघीस न करता. काकडी खाऊन, तिखट-मीठ चाटत नातीने एका मावशीला विचारलं, "तुम्हाला वाघाची भीती नाही वाटत?" मावशी म्हणाल्या, "वाघोबा आमचा देव हाय." नात त्यावर पुष्कळ वेळ गप्प होती.

बिबट्याबद्दल पालक विचारतातच. हो, या जंगलात बिबटे आहेत, आणि मुलांना ते लपवून ठेवायचं काही कारण नाही. तो मुख्यतः अंधारात फिरतो आणि माणसांचा गलका टाळतो. आपण दिवसाउजेडी, आखलेल्या वाटेवर, एकत्र चालायचं. मुलांना पुढे पळू द्यायचं नाही, मागे रेंगाळू द्यायचं नाही. संध्याकाळच्या आत खाली उतरायचं. एवढं पाळलं की झालं.

मला जास्त काळजी वाटते ती माकडांची. कान्हेरीची माकडं पिशवीचा आवाज ओळखतात. हातात वेफर्सचं पाकीट घेऊन चालणारं मूल त्यांना लांबून दिसतं. खाणं पाठीवरच्या बंद सॅकमध्ये, स्टीलच्या डब्यात. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळपोळी आणि संत्री नेतो, केळी नेत नाही, कारण केळ्याचा वास लपत नाही. डबा लेण्यांपाशी उघडायचाच नाही. खाली फाटकाजवळ उतरल्यावर खायचं. वर जाताना मुलांच्या खिशात फुटाणे किंवा खडीसाखर पुरते. माकडांना खायला घालणाऱ्या लोकांना हात जोडून सांगावं लागतं, आणि मुलांसमोर ते सांगणं मला महत्त्वाचं वाटतं. प्लॅस्टिकच्या बाटल्याही नकोत. माणशी एक लिटर पाणी स्टीलच्या किंवा तांब्याच्या बाटलीत. शौचाला जायचं असेल तर लेण्यांकडे चढायच्या आधीच उरकून घ्या. माथ्यावर सोय नाही.

तीन-चार वर्षांचं मूल असेल आणि कान्हेरी लांब वाटत असेल, तर फाटकापासून जवळच गांधी टेकडी आहे. थोडा चढ, वर गांधी स्मृती मंदिर, भोवती झाडी. सकाळच्या दोन तासांत आरामात होतं, आणि "मी डोंगर चढलो" असं त्या मुलाला घरी जाऊन सांगता येतं. ज्यांची मुलं मोठी आहेत आणि कान्हेरी करून झाली आहे, त्यांनी फाटकाजवळच्या निसर्ग माहिती केंद्रात शिलोंड्याच्या वाटेची चौकशी करावी. ती जंगलातली पायवाट आहे, परवानगी आणि वाटाड्या घेऊनच जायचं असतं, आणि ते योग्यच आहे. कुठल्याही मधल्या पायवाटेने आपल्या आपण आत शिरू नका, कितीही चांगली दिसली तरी.

आमचा आता कान्हेरीतला एकच भाग राहिला आहे, दक्षिणेकडचा कडा, जिथे भिक्खूंच्या अस्थींवर बांधलेल्या विटांच्या स्तूपांचे अवशेष आहेत. नातवाने शाळेच्या वहीत त्याचा नकाशा काढून ठेवला आहे. नाताळच्या सुटीत जायचं ठरलं आहे, सोमवार सोडून.